शिल्लक पॉइंट : ऑनलाइन खेळातल्या 'बिल्ड'विषयी

(पिंपळे गुरव इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक व्याख्यानाला आला की लोक गीता नाहीतर कांट ऐकायच्या तयारीनं बसतात. आज आपण दोघांनाही थोडं बाजूला बसवू. आजचा विषय असा : ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये नवं पात्र सुरू केलं, तर त्याची कौशल्यं कशी निवडायची? मुलांच्या भाषेत सांगायचं तर 'बिल्ड' कुठली करायची? पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांना वाटेल, हा काय विषय झाला! पण आपल्याच सोसायट्यांमधली मुलं-मुली या प्रश्नावर रात्र रात्र वाद घालतात, आणि इतक्या बारकाईनं घालतात की आमच्या एम.ए.च्या वर्गात तेवढी बारकाई क्वचित दिसायची. जिथं माणसं निवडीबद्दल एवढा विचार करतात, तिथं तत्त्वज्ञानानं जायलाच हवं.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला लवकर उठायचं असेल तर हरकत नाही. 'सगळ्यात चांगली बिल्ड कोणती' हा प्रश्न अर्धवट आहे. कशासाठी चांगली, कुणाबरोबर खेळताना चांगली, आणि रोज किती वेळ हातात असणाऱ्यासाठी चांगली, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. तरीही आज बहुतेक खेळाडू तयार उत्तर उचलतात. त्यात खेळातला सगळ्यात मोलाचा भाग आपण दुसऱ्याला देऊन टाकतो. याला खेळाडू जबाबदार आहेत, तसे खेळ रचणारेही आहेत. दोघांचीही समीक्षा करू.

बिल्ड म्हणजे काय

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी दोन मिनिटं. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. साधन काय, तर कागद, पेन्सिल आणि फासे. पात्राचे ताकद, बुद्धी, चपळाई असे सहा गुण, आणि प्रत्येक गुणाचा आकडा तीन फासे टाकून ठरायचा. म्हणजे पिंड दैवानं दिलेला. त्यातून वाट काढणं एवढंच खेळाडूकडे. पुढं हे खेळ संगणकावर आले, तेव्हा बऱ्याच ठिकाणी फासे गेले आणि त्यांच्या जागी पॉइंट आले. पात्राची लेव्हल वाढली की पॉइंट मिळतात, आणि ते कुठं घालायचे हे खेळाडू ठरवतो. या वाटपाला म्हणायचं बिल्ड.

उदाहरण घेऊ. 'रॅग्नारॉक ऑनलाइन' हा २००२ चा कोरियन खेळ. त्या दशकात त्याचा भारतीय सर्व्हरही काही काळ चालला. त्या काळी सायबर कॅफेत तासाच्या भाड्यानं बसून असे खेळ खेळणारी मुलं आता चाळिशीकडं आली असतील. मागच्या रांगेत एक-दोघं हसतायत, म्हणजे आठवतंय त्यांना. तर या खेळात नवं पात्र करताना पडद्यावर एक षटकोन यायचा. सहा टोकांवर सहा गुण : ताकद, चपळाई, तब्येत, बुद्धी, हातातली अचूकता आणि नशीब. सुरुवातीला प्रत्येकाचा आकडा पाच. ताकदीसमोर बुद्धी, चपळाईसमोर नशीब, तब्येतीसमोर अचूकता. एक टोक ओढलं की समोरचं तेवढंच आत जायचं. ताकद नऊ केली की बुद्धी एक. बेरीज कायम तीस.

आम्हाला हा षटकोन फार प्रामाणिक वाटतो. कुठलीही 'हो' म्हणताना एक 'नाही' म्हणावी लागते, हे नीतिशास्त्राच्या वर्गात समजवायला आम्हाला अर्धा तास लागायचा. इथं ते एका चित्रात दिसतं.

पुढची गंमत आणखी बारीक आहे. लेव्हल वाढल्यावर गुण वाढवायचे, तर सुरुवातीला एक पायरी चढायला दोन पॉइंट पडायचे. नव्वदीच्या पुढं तीच एक पायरी अकरा पॉइंटांना. म्हणजे एकाच गोष्टीत टोकाला जायचं तर शेवटच्या पायऱ्यांना भरमसाट मोजावं लागतं, आणि सगळं थोडं थोडं घ्यावं तर कशातच धड राहत नाही. अष्टपैलू की पारंगत, हा आपल्याकडं घराघरात चालणारा वाद त्या खेळानं हिशेबात मांडला होता.

बिल्ड म्हणजे रोजची संध्याकाळ

आता मुद्द्याचं. बिल्डकडं लोक परिणाम म्हणून बघतात : किती डॅमेज होईल, किती लवकर लेव्हल चढेल. आमच्या मते बिल्डनं खरं ठरतं ते वेगळंच. आपण रोज संध्याकाळी तिथं बसून नेमकं काय करणार, हे ठरतं.

रॅग्नारॉकमधला नाइट घ्या. एका नाइटनं चपळाईत पॉइंट घातले. तो वार चुकवतो, भरभर तलवार चालवतो, एकटा फिरतो. पण चारी बाजूंनी राक्षसांनी घेरलं की त्याची चुकवण्याची कुवत घटत जाते. दुसऱ्या नाइटनं तब्येतीत पॉइंट घातले. तो वार चुकवत नाही, अंगावर घेतो. पुढं उभा राहून सगळ्यांचा मार झेलतो, म्हणून मागचे वाचतात. क्लास एकच, तलवारही तीच असू शकते. पण पहिल्याचा खेळ नृत्यासारखा आहे आणि दुसऱ्याचा राखणदारीचा. कुणाचा आकडा मोठा, हे विचारून या दोघांमधला फरक हाती लागत नाही.

आणि प्रीस्ट घ्या. सपोर्ट प्रीस्टचं काम म्हणजे जखमा भरणं, आशीर्वाद देऊन सोबत्यांचे गुण वाढवणं, पडलेल्याला पुन्हा उभं करणं. एकट्यानं हिंडला तर त्याची लेव्हल मुंगीच्या पावलानं चढते. गाईड सांगते : बुद्धी वाढवा, अचूकता वाढवा, म्हणजे मंत्र लवकर म्हणून होतो. अगदी बरोबर. पण गाईड हे सांगत नाही की हा खेळ घेतलात तर तुमची नजर सबंध संध्याकाळ राक्षसावर नसेल, सोबत्यांच्या आयुष्याच्या पट्ट्यांवर असेल. कुणाची पट्टी खाली गेली, कुणाला आधी गाठायचं, दोघं एकदम पडत असतील तर कुणाला सोडायचं! काहींना याचा आठवड्यात कंटाळा येतो. काहींना याच्याशिवाय दुसरं काही खेळावंसंच वाटत नाही. ही माहिती कुठल्याही तक्त्यात बसत नाही, आणि निवड करताना सगळ्यात जास्त गरज हिचीच असते.

बर्नार्ड सूट्स नावाचे एक तत्त्वज्ञ होऊन गेले. १९७८ च्या त्यांच्या पुस्तकात खेळाची व्याख्या आहे. तिचा आशय असा, की ज्या अडथळ्यांची मुळात गरज नाही ते स्वखुशीनं अंगावर घेऊन पार करणं म्हणजे खेळ. ही व्याख्या मान्य केली, तर बिल्ड निवडणं म्हणजे आपल्याला कोणता अडथळा प्रिय आहे ते निवडणं. मग 'सर्वात कमी अडथळ्याची बिल्ड कुठली' हा प्रश्न जरा विनोदीच होतो. डोंगर चढायचा आहे म्हणून निघालो आणि पहिला प्रश्न विचारला, लिफ्ट कुठंय!

गाईड : पाठीला बांधलेला डबा

गाईडवर नुसती टीका करणं सोपं आहे, आणि तेवढंच केलं तर अन्याय होईल. २०१३ मध्ये आलेला 'पाथ ऑफ एक्झाइल' हा खेळ बघा. त्याच्या कौशल्यवृक्षावर तेराशेहून अधिक ठिपके आहेत. पहिल्या दिवशी तो पडदा उघडला की पुणे महानगराचा नकाशा पाट्यांशिवाय समोर पसरल्यासारखं वाटतं. नवख्यानं तिथं स्वतंत्र विचार करावा म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं. आपल्याकडं गावात पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतात. गाईड म्हणजे तो डबा. त्यात लाज वाटायचं काही कारण नाही. फक्त एक दिवस डबा सोडायचा असतो, हे शिकवणाऱ्यालाही ठाऊक हवं आणि शिकणाऱ्यालाही.

आजच्या गाईडसंस्कृतीवर आमचा आक्षेप इथंच आहे. डबा सोडण्याचा दिवस तिच्यात येतच नाही. प्रत्येक नव्या मोसमात नवी यादी निघते, वरच्या श्रेणीत अमुक बिल्ड, खालच्या श्रेणीत तमुक. यादी मोजता येणाऱ्या गोष्टींची असते : सेकंदाला किती डॅमेज, तासाला किती सोनं. सी. थी न्गुयेन या तत्त्वज्ञांनी खेळांवर आणि गुणांकनावर चांगलं लिहिलं आहे. त्यांचा मुद्दा असा, की आपली मूल्यं समृद्ध आणि गुंतागुंतीची असतात. कुणीतरी त्यांच्या जागी एक सोपा आकडा ठेवतो, आणि थोड्याच दिवसांत आपल्याला तो आकडाच हवासा वाटू लागतो. चालण्याच्या आनंदासाठी सुरू केलेला फेरफटका पावलं मोजायच्या घड्याळासाठी संपतो, तसं.

शिवाय यादी लिहिताना एक विशिष्ट खेळाडू गृहीत धरलेला असतो : भरपूर वेळ असलेला, ठरलेल्या वेळी सोबती मिळणारा, चांगलं इंटरनेट असलेला. आता आपल्या पट्ट्यातला खेळाडू बघा. चाकणला दुसरी पाळी करून मध्यरात्रीनंतर घरी पोचतो, जेवतो आणि झोप येईपर्यंत पाऊण तास खेळतो. पुढच्या आठवड्यात पाळी बदलते, की गिल्डमधले सोबती निसटले. त्याला 'सर्वश्रेष्ठ' म्हणून पाच जणांच्या पार्टीशिवाय न चालणारी बिल्ड सांगितली, तर ती त्याच्यासाठी श्रेष्ठ नाही, उपयोगाचीही नाही. त्याला एकट्यानं चालणारी, मध्येच थांबवता येणारी बिल्ड हवी. यादीत ती तिसऱ्या श्रेणीत असेल, असू दे. श्रेणी लावणाऱ्यानं त्याच्या पाळ्या कुठं बघितल्यात?

या सगळ्याचा सगळ्यात बोलका इतिहास 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चा आहे. २००४ मध्ये खेळ आला तेव्हा प्रत्येक क्लासला तीन कौशल्यवृक्ष होते आणि साठाव्या लेव्हलपर्यंत एक्कावन्न पॉइंट. कागदावर असंख्य जोडण्या शक्य होत्या. प्रत्यक्षात बहुतेकांनी एकमेकांच्या नकला केल्या. शेवटी २०१२ मध्ये कंपनीनं ते वृक्षच काढून टाकले. युक्तिवाद असा की सगळे तीच छापील बिल्ड वापरतात, मग निवडीचं सोंग कशाला? त्याऐवजी थोड्या थोड्या लेव्हलनंतर तीन पर्यायांतून एक निवडा. दहा वर्षं हे चाललं. आणि २०२२ मध्ये काय झालं? वृक्ष परत आले. माणसांना फांद्या हव्या होत्या. पॉइंट घालून फांदीवर पुढं सरकण्यात जो मालकीचा भाव आहे, तो हवा होता. पण त्याच नव्या वृक्षासोबत एक सोय आली : सबंध बिल्ड एका अक्षरमालेत बांधून दुसऱ्याला द्यायची, त्यानं ती चिकटवायची, काम झालं. झाड परत मागितलं, आणि त्याच्यावर चढायचा कंटाळा केला!

यात कुणा एकाला दोष देऊन भागत नाही. आपल्याला निवड हवी असते आणि निवडीची जोखीम नको असते. ही विसंगती माणसाची आहे. खेळानं ती फक्त उघडी पाडली.

चुकीची किंमत किती असावी

जोखीम म्हटलं की रीसेटचा प्रश्न येतो. घातलेले पॉइंट परत काढता यावेत का?

'डायब्लो टू' हा २००० सालचा खेळ. त्यात घातलेला पॉइंट परत मिळत नसे. महत्त्वाची कौशल्यं तिसाव्या लेव्हलला उघडायची, म्हणून जाणकार खेळाडू आधीचे पॉइंट साठवून ठेवायचे. कंजूषासारखं गाठोडं बांधून, दुबळं पात्र घेऊन तीस लेव्हल रखडत जायचं. मग २००३ मध्ये १.१० हा पॅच आला आणि नियमच बदलले. खालच्या कौशल्यांत घातलेले पॉइंट आता वरच्या कौशल्यांना बळ देऊ लागले. म्हणजे ज्यानं आदल्या वर्षी सगळं शहाणपणानं केलं होतं, त्याचंच पात्र रातोरात कच्चं ठरलं. आणि दुरुस्तीची सोय? ती २०१० च्या १.१३ पॅचमध्ये आली. मधली सात वर्षं उपाय एकच, नवं पात्र काढा आणि पहिल्या लेव्हलपासून सुरू करा.

जुने खेळाडू आजही म्हणतात, तेव्हा निर्णयाला वजन होतं. आम्हाला हे अर्धंच पटतं. एल. ए. पॉल या तत्त्ववेत्त्यांनी २०१४ च्या पुस्तकात एक अडचण मांडली आहे. काही निवडी अशा असतात की त्यातून गेल्याशिवाय ते काय आहे हे कळतच नाही. मूल होऊ द्यावं का, हे त्यांचं गाजलेलं उदाहरण. अनुभवाआधी तोलायचं तर वजनं हातात नाहीत. वजनं हातात येतात तोवर आपणच बदललेले असतो. नव्या पात्राची बिल्ड ही याच जातीची लहानशी निवड आहे. साठाव्या लेव्हलचा प्रीस्ट खेळणं कसं लागतं, हे पहिल्या लेव्हलच्या खेळाडूला सांगून कळणार नाही. अशा माणसाकडून पहिल्याच तासाला कायमची सही घ्यायची आणि त्याला 'निर्णयाचं वजन' म्हणायचं, हा खोलपणा नव्हे. माहिती न देता घेतलेल्या सहीला न्यायालयातसुद्धा फार किंमत नसते.

दुसऱ्या टोकाला काही खेळांत रीसेट फुकट आणि कधीही. सकाळी योद्धा, दुपारी जादूगार, एक बटण दाबलं की झालं. तिथं चूक होऊच शकत नाही. पण मग 'मी असा खेळाडू आहे' असं म्हणण्याजोगंही काही उरत नाही. कपाटात कपडे खूप, अंगाला सवयीचा एकही नाही.

आम्हाला शहाणपणाची वाटते ती वॉरक्राफ्टची जुनी मधली वाट. पहिल्यांदा पॉइंट परत काढायचे तर एक सुवर्णनाणं. दुसऱ्यांदा पाच. मग पाचापाचानं वाढत पन्नासपर्यंत. म्हणजे नवख्याची पहिली चूक जवळजवळ माफ. पुढं पुढं मात्र मन बदलण्याला किंमत पडते, पण दार कायमचं बंद होत नाही. शिकणाऱ्याला चुकू द्यावं आणि मुरलेल्याला विचार करायला लावावं, ही चांगल्या गुरुजींची रीत आहे. खेळ रचणाऱ्यांनी ती पुन्हा अभ्यासावी.

पॉइंट विकत, कौशल्य सरावानं

इथं एक शंका कुणीतरी काढेल म्हणून आम्हीच काढतो. कौशल्य असं पॉइंट टाकून येतं का हो? ॲरिस्टॉटलचं म्हणणं तर असं की माणूस वाद्य वाजवून वाजवूनच वादक होतो. आयटीआयच्या फिटरला विचारा. सुरुवातीचे कित्येक आठवडे कानस मारण्यात जातात. लोखंडाची पट्टी, कानस आणि मोजायला गुण्या. हात भरून येतात, तेव्हा कुठं पृष्ठभाग सपाट व्हायला लागतो. तिथं 'कानस अधिक एक' असं बटण नसतं.

१९९७ च्या 'अल्टिमा ऑनलाइन'नं हाच मार्ग धरून पाहिला. जे काम कराल त्यात कौशल्य वाढेल. तलवार चालवा, तलवार वाढेल; लोहारकाम करा, लोहारकाम वाढेल. सगळ्यांची मिळून मर्यादा सातशे, म्हणजे सगळंच शिकता येणार नाही. कल्पना देखणी. खेळाडूंनी काय केलं? संगणकाला तेच तेच काम रात्रभर करायला लावलं आणि आपण झोपले. पात्र पारंगत झालं, खेळाडू होता तिथंच राहिला.

यातून एक उपयोगी भेद मिळतो. प्रत्येक बिल्डमध्ये दोन कौशल्यं असतात : एक पात्राचं, एक खेळाडूचं. पात्राचं कौशल्य चिकटवता येतं. खेळाडूचं येत नाही. प्रीस्टचे सगळे पॉइंट गाईडप्रमाणे घातले तरी दोघं एकदम पडताना कुणाला उचलायचं, ही नजर प्रत्येकाला स्वतःच कमवावी लागते. म्हणून बिल्ड निवडताना विचारावं : यात माझा स्वतःचा हात कशात तयार होणार आहे?

भिंतीवरचा तक्ता आणि शिल्लक पॉइंट

आता हा सगळा प्रश्न पिंपळे गुरवमध्ये का मांडायचा, ते सांगतो आणि आवरतो.

आपल्यापैकी भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी लाइनजवळच्या भिंतीवर स्किल मॅट्रिक्स पाहिला असेल. डावीकडं कामगारांची नावं, वर कामांची नावं, आणि प्रत्येक चौकटीत एक वर्तुळ, चार भागांत कापलेलं. काम नुसतं माहीत असेल तर पाव वर्तुळ भरलेलं. दुसऱ्याला शिकवण्याइतकं येत असेल तर पूर्ण. बघा, हा कौशल्यवृक्षच झाला! फरक एवढाच की पॉइंट कुठं घालायचे हे बहुधा लाइनच्या गरजेवरून सुपरवायझर ठरवतो. ज्याचं नाव डावीकडं आहे, त्याला विचारलंच जाईल असं नाही. उत्पादनाची गरज खरी असते, ते मान्य. पण दिवसभर दुसऱ्यानं भरलेली वर्तुळं घेऊन काम करणारा तरुण रात्री मोबाइल नाहीतर संगणक उघडतो, आणि पडदा त्याला म्हणतो, 'तुमच्याकडे दहा पॉइंट शिल्लक आहेत.' त्या वाक्याची ओढ काय असेल, ते समजून घ्या. त्याला व्यसन म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे.

आणि ही ओढ कारखान्याहून जुनी आहे. आपल्या समाजात शेकडो वर्षं माणसाचे पॉइंट त्याच्या जन्माआधीच खर्च झालेले असत. कुवत काय, आवड काय, हे न विचारता काम आईबापांवरून ठरत असे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या निबंधात जातिव्यवस्थेवर जी टीका केली, तिच्यात हा मुद्दा मध्यवर्ती आहे. क्लास निवडायचा पडदाच न दाखवणारा खेळ होता तो, आणि रीसेटही नव्हतं. काय काय तुटलं आणि काय अजून तुटायचं आहे, ते इथं बसलेल्या प्रत्येक घराला माहीत आहे. ज्या समाजात न वाटलेले पॉइंट हातात येणं हीच नवलाई आहे, तिथं ते पॉइंट न वाचताच दुसऱ्याच्या अक्षरमालेनं भरून टाकणं आम्हाला खटकतं. फुकट गेलं म्हणून नाही. जे मिळवायला पिढ्या गेल्या, ते इतक्या सहज हातावेगळं होतं म्हणून.

पण 'आयुष्य म्हणजे एक खेळच आहे' असा निष्कर्ष कृपा करून घरी नेऊ नका. खेळात सबंध वृक्ष समोर दिसतो, नियम लिहिलेले असतात, आणि सगळं बिघडलं तर नवं पात्र काढता येतं. दहावीचा निकाल हातात घेतलेल्या मुलासमोर यातलं काहीच नसतं. त्याला वृक्ष दिसत नाही, नियम मध्येच बदलतात, आणि नवं पात्र तर नाहीच. खेळ आयुष्याचा नकाशा नाही. तो निवडीची तालीम आहे, लहान नुकसानीत केलेली. तालीम म्हणून त्याची किंमत आहे, आणि तालमीत आपल्या जागी दुसऱ्याला जोर काढायला लावून काय मिळणार?

श्रोत्यांमधून आलेला एक प्रश्न

चिठ्ठी आली आहे : 'सर, हे सगळं ठीक, पण आज रात्री नवं पात्र काढणार आहे. नेमकं काय करू?'

चांगला प्रश्न. चार गोष्टी सांगतो.

पहिली, गाईड उघडण्याआधी दोन-तीन क्लास दहाएक लेव्हलपर्यंत स्वतः चालवून बघा. पॉइंट चुकू द्या. कुठलं काम करताना घड्याळाकडं लक्ष गेलं नाही, तेवढं लिहून ठेवा.

दुसरी, आपला आठवडा मांडा. पाळी कुठली, रोज किती वेळ, सोबत कोण. सोबती पक्के असतील तर त्यांच्यात कशाची उणीव आहे ते विचारा; बिल्ड ही पार्टीत बसवायची वस्तू आहे, एकट्याच्या कपाटात मांडायची नाही. सोबती नसतील तर एकट्यानं चालणारी घ्या, आणि ती यादीत कुठं आहे ते बघू नका.

तिसरी, रीसेटचा नियम आधी वाचा. महाग असेल तर काही पॉइंट शिल्लक ठेवा. स्वस्त असेल तर बिनधास्त खर्च करा.

चौथी, आता गाईड उघडा. पण ती 'काय घालू' यासाठी वाचू नका, 'का घातलं' यासाठी वाचा. कारण सापडलं की त्यातला एक भाग आपल्या आठवड्याप्रमाणं बदला. एकच बदला, चालेल. त्या बदलाचं जे बरंवाईट होईल ते तुमचं असेल. तो बदल कसा निघाला, हे मात्र पुढच्या वेळी आम्हाला सांगा. आमचं वय सत्तरीच्या पुढं असलं तरी प्रीस्टची पट्टी सांभाळायला कुणी बोलावलं तर येऊ आम्ही.

इथंच थांबतो.